परत आलेली साडी

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की आमच्या घरी माळा उतरवतात. वर्षभर ज्याची कुणाला आठवण झाली नाही असे सामान त्या दिवशी ओटीवर येऊन बसते आणि एकेका वस्तूवरून वाद सुरू होतो : ठेवायची की काढून टाकायची? माझ्या लहानपणी या वादाचा निकाल बोहारीण देत असे. डोक्यावर भांड्यांची पाटी, काखेत कपड्यांचे बोचके. ती दारात बसली की आई आतून जुनी लुगडी आणि वडिलांचे विरलेले कोट आणून तिच्यापुढे टाकी. मग ती बाई एकेक लुगडे उलगडून उन्हासमोर धरी. कुठे विरले आहे, कुठे ठिगळ आहे, कुठे काठ उसवला आहे, काही म्हणून तिच्या नजरेतून सुटत नसे. घासाघीस तासभर चाले, आवाज चढत, ती दोनदा पाटी उचलून उठे आणि दोनदा परत बसे. पण एकदा पातेले घरात आणि लुगडे बोचक्यात गेले म्हणजे व्यवहार पुरा झाला. दुसऱ्या दिवशी येऊन "बाई, तुमच्या लुगड्याला भोक निघालं" असे म्हणणारी बोहारीण मी पाहिली नाही. "तुझं पातेलं गळतं" म्हणून आईने तिला गाठल्याचेही मला स्मरत नाही. पातेले बहुधा गळत असे. दोघींनी एकमेकींना फसवण्याचा यथाशक्ती प्रयत्न केलेला असे. पण तो समोरासमोर, भर उजेडात झालेला असल्यामुळे त्याचा राग कुणी मनात धरीत नसे.

आता आमच्या कामतघरच्या गल्लीत बोहारीण क्वचितच दिसते. तिचे काम सूनबाईच्या मोबाईलने घेतले आहे. जुन्या वस्तूचा फोटो काढायचा, चार ओळी लिहायच्या, किंमत टाकायची. कुठल्या तरी गावचे कुणी तरी ती घेते, कुरिअरवाला येऊन घेऊन जातो. आरंभी आम्ही घरचीच अडगळ काढली. मग शेजाऱ्यांची आली. पुढे मी जुने मिक्सर, शिवणयंत्रे, ट्रान्झिस्टर विकत घेऊन, दुरुस्त करवून विकू लागलो. मी जन्मभर यंत्रमागाच्या कारखान्यात मेहता होतो. कारखाना बंद पडल्यावर हाताला काही तरी हिशेब हवाच होता. फोटो सूनबाईचे, वर्णन आणि जमाखर्च माझा, बांधाबांध दोघांची, आणि आमचे काय काय चुकते हे सांगण्याचे काम माझ्या बायकोचे, अशी वाटणी ठरून गेली आहे.

या धंद्यात माल जातो त्यापेक्षा परत येतो तेव्हा माणूस अधिक शिकतो. भिवंडीकराला हे वेगळे सांगायला नको. एके काळी हे गाव नुसते मागांचे होते. १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि तिथले काम इकडे वळले, तेव्हापासून तर रात्रभर मागांची खटखट ऐकत झोपायची आम्हाला सवयच लागली. आज त्यांतले कितीतरी माग भंगारात गेले आणि मानकोली, दापोडे, राहनाळ, काल्हेर, पूर्णा या गावांच्या भातखाचरांवर पत्र्याची अवाढव्य गोदामे उभी राहिली. मुंबईच्या जकातीबाहेरची जागा म्हणून ती आली होती. १ जुलै २०१७ ला जकात गेली, गोदामे मात्र वाढतच राहिली. लोक घरबसल्या जे मागवतात त्यातले पुष्कळसे इथून जाते आणि नको झाले म्हणजे इथेच परत येते. आमच्या गल्लीतला एक मुलगा अशाच एका गोदामात परत आलेली खोकी उघडण्याचे काम करतो. नव्या बुटांच्या खोक्यात जुने बूट, मोबाईलच्या खोक्यात साबणाची वडी, हे सारे तो आता न हसता सांगतो. "लोकांना वाटतं, काका, कंपनीचे पैसे आहेत, कुणाचं काय जातंय?"

मला या वाक्याने पुष्कळ दिवस छळले. वाण्याने चुकून दहा रुपये जास्त दिले तर उन्हातून परत जाऊन ते देणारी माणसे मी जाणतो. त्यांतलीच काही, वापरलेली वस्तू "खराब निघाली" म्हणून परत करताना जराही अडखळत नाहीत. माणूस तोच आहे. समोरचा चेहरा तेवढा नाहीसा झाला आहे. वाण्याचे तोंड उद्या पाहायचे असते. कंपनीला तोंडच नाही. आणि जुन्या वस्तूच्या बाजारात कंपनीच्या आड एखाद्या घरातली सूनबाई आणि तिचा सासरा बसलेला असतो, हे घेणाऱ्याला दिसत नाही.

आता मुख्य गोष्ट सांगतो. दोन वर्षांमागे आम्ही बायकोची येवल्याची पैठणी विकायला काढली. "आता तिचं ओझं होतं मला," असे तीच म्हणाली. मी वर्णन लिहिले : क्वचित नेसलेली, रंग शाबूत, कुठेही डाग नाही, फाटलेली नाही. किंमत सहा हजार. आठवड्याभरात लातूरकडच्या एका बाईंनी ती घेतली. साडी पोचल्याच्या सहाव्या दिवशी, म्हणजे परतीची मुदत संपायला एक दिवस उरला असताना, त्यांची तक्रार आली : वस्तू वर्णनाप्रमाणे नाही, साडी परत घ्या.

साडी आली. बायकोने ती दिवाणावर उलगडली आणि एका दृष्टिक्षेपात म्हणाली, "नेसलीय." आमची घडी मलमलीत गुंडाळलेली होती, ही निराळीच घडी होती. निऱ्यांच्या जागी बारीक चुण्या होत्या. खांद्यावर पिनेची दोन भोके होती. मोगऱ्याच्या वासाखाली घामाचाही वास होता. आणि पदर झटकला तेव्हा आतून कुंकू लावलेल्या तांदळाचे तीन दाणे खाली पडले. अक्षता! बाई आमची पैठणी नेसून लग्नाला गेल्या होत्या, वधूवरांवर अक्षता टाकून, जेवून, बहुधा फोटोही काढून घरी आल्या होत्या, आणि मग त्यांना साडीतला दोष दिसला होता.

मला संताप आला आणि, खोटे कशाला बोलू, आनंदही झाला. पुरावा इतका स्वच्छ क्वचितच हाती लागतो. मी ते तीन दाणे एका कागदावर ठेवून त्यांचा फोटो काढला, पिनेच्या भोकांचा काढला, चुण्यांचा काढला आणि बाजार चालवणाऱ्या कंपनीकडे आमची हरकत नोंदवली. भाषा जरा कडकच होती. ती मी बायकोला वाचून दाखवली. तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, "तिनं नक्की काय लिहिलंय?"

मी मोबाईल पुढे केला. बाईंनी लिहिले होते, "साडी काठाजवळ फाटलेली असून रफू केले आहे. हे सांगितले नव्हते."

"मग?" मी म्हणालो.

"मग तुम्ही सांगितलं होतंत का?"

रफू होते. एका लग्नात मांडवाच्या खिळ्याला अडकून रुपयाएवढी जागा फाटली होती आणि आमच्या गावातल्या एका रफूगराने साडीच्या आतल्या टोकाचेच धागे ओढून ती अशी विणली होती की बोटाने चाचपल्याशिवाय कळू नये. ते मला आठवत होते. वर्णन लिहितानाही आठवत होते. म्हणून तर मी "फाटलेली नाही" असे लिहिले होते. "कधी फाटलेली नव्हती" असे लिहिले नव्हते! मेहतेगिरीत मुरलेल्या माणसालाच असे वाक्य सुचते. शब्द खरा, सांगणे खोटे. कुणी विचारले तर सांगू, असे मी मनाशी ठरवले होते. आणि ज्याला दोष असल्याचे माहीत नाही तो विचारणार कसा, हा प्रश्न मी मनाला विचारला नव्हता.

बोहारीण असती तर तिने उन्हासमोर धरून ते रफू पहिल्या क्षणी शोधले असते.

इथे मला माझ्या कारखान्यातल्या दिवसांबद्दल थोडे सांगावे लागेल. मी १९८६ साली मेहता म्हणून लागलो. आमचे काम मजुरीचे होते. मुंबईचा व्यापारी सूत देई, आम्ही कापड विणून देऊ, मीटरमागे पैसे मिळत. धागा तुटून कापडात रेष पडली, तेलाचा डाग लागला, की ताक्यामागे कपात होई. हे न्याय्यच होते. पण कापडाचा भाव चढा असला की व्यापाऱ्याला डाग दिसत नसत, आणि भाव उतरला की त्याच कापडात जागोजाग दोष उगवत. नको झालेला माल "नको" म्हणून परत करता येत नाही. "खराब" म्हणून करता येतो. सहाव्या दिवशीचा तो दावा मी पाहिला तेव्हा मला ही जुनी ओळख पटली होती.

मात्र आमच्या बाजूचेही सांगायला हवे. ताका घडी करताना दोषाची जागा घडीच्या आत पडेल अशी बेताने घालायची, हे मला शेठने पहिल्याच महिन्यात शिकवले आणि मी ते चांगले आत्मसात केले. दोन्हीकडून ही लपाछपी चाले आणि मधला दलाल दोघांनाही ओळखून असल्यामुळे ती मर्यादेत राही. परंतु तिची किंमत शेवटी कोण देई? व्यापारी दावा करी, शेठ मान तुकवी, आणि ती कपात माझ्या वहीतून कारागिराच्या पगारावर उतरे. एकदा एका आझमगडच्या कारागिराचे मी असे १४० रुपये कापले. त्याच्या मागावरचे कापड मी स्वतः तपासले होते, दोष नव्हता. व्यापाऱ्याचा दावा खोटा आहे हे शेठला ठाऊक होते, मला ठाऊक होते. कारागीर म्हणाला, "मेहताजी, आपने तो देखा था।" मी वहीतून डोके वर काढले नाही. म्हणून कुणी "कंपनीचं काय जातंय" म्हणाले की मला तो माणूस आठवतो. खोटा दावा वरून खाली घरंगळत येतो आणि ज्याच्या खाली कुणी नाही त्याच्यापाशी येऊन थांबतो.

साडीकडे परत येऊ. दोन दिवस मी स्वतःशी वाद घातला. एक मन म्हणे, माझ्या मौनाने त्या बाईंचे वागणे धुऊन निघत नाही. रफू दिसल्याबरोबर त्यांनी साडी परत केली असती तर मी खाली मान घालून घेतली असती. त्यांनी ती नेसून घेतली आणि मग दोषाचे निमित्त केले. दुसरे मन म्हणे, पण निमित्त तुझ्या घरचे होते. ते तू पुरवले नसतेस तर त्यांना खोटे बोलावे लागले असते. तुझ्यामुळे त्यांना खऱ्याच्या आधाराने खोटे वागता आले.

न सांगणे म्हणजे खोटे बोलणे काय, हा वाद पुराणा आहे. रोमच्या सिसेरोने इसवी सनापूर्वी ४४ साली आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात सदोष घर विकणाऱ्या माणसाचे उदाहरण आहे. दोन तत्त्वज्ञ त्यावर भांडतात. एक म्हणतो, विकणाऱ्याने कुणाला घ्यायची जबरदस्ती केलेली नाही. सगळे न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे. दुसरा म्हणतो, वाटसरूला चुकीच्या रस्त्याने जाऊ देण्यातलाच हा प्रकार आहे. सिसेरोने दुसऱ्याच्या बाजूने कौल दिला. मी मेहता असताना पहिल्याच्या पंथाचा होतो हे उघड आहे.

पण मला जास्त उपयोग झाला तो आपल्याकडच्या स्मृतींचा. वाचनालयात माझ्याबरोबर बसणारे एक निवृत्त संस्कृत शिक्षक आहेत, त्यांना मी ही हकिगत सांगितली तेव्हा ते हसून म्हणाले, "अहो, यावर मनूने स्वतंत्र प्रकरण केलंय." मनुस्मृतीत न्यायालयापुढे येणाऱ्या तंट्यांचे अठरा विषय सांगितले आहेत, त्यांतला एक क्रयविक्रयानुशय. अनुशय म्हणजे पश्चात्ताप. घेऊन किंवा विकून ज्याला पस्तावा होईल त्याने दहा दिवसांच्या आत वस्तू परत द्यावी किंवा परत घ्यावी, असा नियम आहे. नारद याहून बारीक हिशेब करतो. घेतलेली वस्तू त्याच दिवशी, होती तशी परत केली तर पूर्ण किंमत. दुसऱ्या दिवशी केली तर किंमतीचा तिसावा हिस्सा सोडावा. तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट. त्यानंतर ती घेणाऱ्याची. पारखून पाहण्याच्या मुदतीही वस्तुपरत्वे वेगळ्या. दुभत्या जनावराला तीन दिवस, रत्नांना सात, बियाण्याला दहा, लोखंडाला आणि वस्त्राला एकच दिवस. आणि पुढे तर आमच्याच खटल्याचा निकाल आहे : जे वस्त्र वापरून चुरगळले, मळले, ते घेताना सदोष असले तरी विकणाऱ्याकडे परत जात नाही.

म्हणजे नारदाच्या दरबारात मी जिंकलो होतो! आजच्या कायद्यात तसे नाही. २०२० च्या नियमांप्रमाणे अशा बाजारातून विकणाऱ्याला, वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल तर ती परत घेण्यास नकार देता येत नाही. एखाद्याने सहज घरची वस्तू विकली तर ते नियम त्याला लागू नाहीत. पण आमच्यासारखा जो नियमाने विकतो, त्याला सुटका नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानेही, बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत सदोष माल परत न घेणे ही अनुचित प्रथा ठरवली. हे योग्यच झाले असे मी म्हणतो. "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी ज्यांच्या डोक्यावर वर्षानुवर्षे टांगलेली होती त्या गिऱ्हाइकांचे हाल मी पाहिले आहेत. पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत काढली ती काही हौस म्हणून नव्हे.

माझे कुतूहल निराळे होते. मनू आणि नारद यांनी पस्ताव्याला जागा दिली होती. "मला ही वस्तू नको झाली" एवढे म्हणणे पुरेसे होते. त्यासाठी थोडी किंमत मोजावी लागे, पण खोटे बोलावे लागत नसे. आमच्या मोबाईलवरच्या बाजारात परत करण्याची जी कारणे छापील दिली आहेत त्यांत "वस्तू वर्णनाप्रमाणे नाही" आहे, "खराब निघाली" आहे, "चुकीची वस्तू आली" आहे. जुन्या मालासाठी "मन बदलले" हे कारणच नाही. पस्तावलेला माणूस दाराशी येतो तेव्हा त्याला सांगितले जाते, आरोप घेऊन ये, मग आत घेऊ. तो आरोप शोधून आणतो. आरोप शोधणाऱ्याला माझ्यासारख्याचे रफू सापडतेच.

मी हरकत मागे घेतली. बाईंना सहा हजार पूर्ण मिळाले. जाण्यायेण्याचा खर्च आमच्या अंगावर पडला. नारदाच्या हिशेबाने त्यांच्याकडे निदान चारशे तरी निघत होते, पण कंपनीच्या यंत्रात तिसाव्या हिश्शाला कळ नाही. मी त्यांना निरोप पाठवला. बराच मोठा लिहून, खोडून, शेवटी दोन ओळी ठेवल्या : साडी आपण लग्नात नेसलात हे आम्हाला कळले. रफूचे मी सांगितले नाही, ही माझी चूक. राग नाही.

दोन दिवसांनी उत्तर आले. "काका, साडी फार सुंदर आहे."

एवढेच. हे कबूल करणे, की टाळणे? मला कळले नाही. सूनबाई म्हणाली, "निर्लज्ज आहे." बायको काही बोलली नाही. तिने ते तीन दाणे कचऱ्यात न टाकता देवापुढच्या तांदळाच्या वाटीत टाकले.

त्यानंतर आम्ही दोन गोष्टी बदलल्या. वर्णनात दोष आधी लिहायचा, गुण मागून. दोषाच्या जागेशेजारी रुपयाचे नाणे ठेवून फोटो काढायचा. आणि खाली एक ओळ : नको वाटल्यास तीन दिवसांत कारण न सांगता कळवा, किंमतीचा तिसावा हिस्सा आणि कुरिअरचा खर्च वजा करून बाकी आम्ही स्वतः पाठवू. सूनबाईला वाटले लोक लुटतील. तसे झाले नाही. काहींनी वस्तू परत केल्या, तिसावा हिस्सा सोडला, एकाने तर आभारही मानले. "नवऱ्याला आवडली नाही," असे एका बाईंनी लिहिले होते. इतके खरे कारण मी या बाजारात प्रथमच वाचले.

पण या युक्तीने माणसे सुधारली अशी फुशारकी मी मारणार नाही. त्याच वर्षी एक मिक्सर "चालत नाही" म्हणून परत आला. वरून आमचाच होता. आत मोटर जळकी, दुसरीच. मिक्सर पाठवण्याआधी सूनबाईने त्याच्या स्क्रूंवर नखांच्या लाल रंगाचा ठिपका देऊन ठेवला होता आणि आता ते ठिपके तुटलेले होते. इथे माझ्या मनात कसलाही वाद झाला नाही. या माणसाला मिक्सर नको झाला नव्हता. त्याला मोटर हवी होती. पस्तावा आणि चोरी यांना एकाच मापाने मोजणे हा पस्ताव्यावरच अन्याय आहे. मी सगळे फोटो पाठवले, तीनदा लिहिले, आणि पैसे सोडवून घेतले. चार दिवस मी मोठ्या ऐटीत होतो.

त्या ऐटीत माझ्या हातून जे झाले ते मला अद्याप खुपते. नांदेडकडच्या एका वृद्ध गृहस्थांनी आमच्याकडून सातशे रुपयांचा ट्रान्झिस्टर घेतला होता. "आवाज येत नाही," अशी त्यांची तक्रार आली. मी मिक्सरवाल्याला उत्तर देत होतो त्याच तोऱ्यात लिहिले : चालू करतानाचा व्हिडिओ पाठवा, मागचे झाकण उघडून फोटो पाठवा, सील तोडले नसल्याची खूण दाखवा. त्यांचे उत्तर आले, "मला व्हिडिओ काढता येत नाही. राहू द्या." त्यांनी तक्रार मागे घेतली. महिन्याभराने त्याच बनावटीचा दुसरा ट्रान्झिस्टर आमच्या हाती आला. दोन वेळा हलवला आणि मुका झाला. स्पीकरच्या तारेचा डाक सुटला होता. कुरिअरच्या गाडीत तेच झाले असणार. मी त्यांना पैसे परत घ्या म्हणून लिहिले, पुन्हा लिहिले. त्यांनी निरोप उघडल्याचे दिसते. उत्तर देत नाहीत. ते सातशे रुपये माझ्या वहीत त्यांच्या नावे जमा आहेत.

अमेरिकेतले अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. तिकडे दगा देणाऱ्या मोटारीला 'लिंबू' म्हणतात. गाडीतला दोष विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना लिंबाचा भाव देतो, आणि चांगली गाडी असणारा बाजारातून निघून जातो. या विचाराबद्दल २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. आमच्या बाजारात पारडे फिरले आहे. माल पोचल्यावर घरात काय झाले ते घेणाऱ्याला ठाऊक, मला नाही. म्हणून मी सगळ्यांनाच लिंबू समजू लागतो. मग निघून कोण जातो? मिक्सरवाला जात नाही. तो दुसऱ्या नावाने पुन्हा येईल. नांदेडचे गृहस्थ गेले.

मी नखांच्या रंगाचे ठिपके बंद केले असे समजू नका. अजून देतो. फक्त तक्रार आली की उत्तर लिहिण्याआधी एक रात्र जाऊ देतो, आणि आपले वर्णन पुन्हा एकदा वाचून पाहतो. बहुतेक वेळा काही सापडत नाही. कधी कधी सापडते.

यंदा माळा उतरवला तेव्हा मलमलीत गुंडाळलेली पैठणी पुन्हा खाली आली. बायको म्हणाली, काढा विकायला. मी लिहिले : काठाजवळ रुपयाएवढ्या जागी रफू, खांद्यावर पिनेची दोन भोके, बाकी चांगली. किंमत साडेचार हजार. रफूचा फोटो सूनबाईने इतका जवळून काढला आहे की धाग्याला धागा कुठे जोडला तेही दिसते. परवा अमरावतीच्या एका बाईंची विचारणा आली. मला वाटले, भाव कमी करा म्हणत असतील. त्यांनी लिहिले होते, "हे रफू कुणाकडून करून घेतले? माझ्याकडे एक शालू आहे, तो कुणी हातात घ्यायला तयार नाही."

मी बायकोला विचारले. "तो म्हातारा गेला," ती म्हणाली, "पण मुलगा बसतो त्याच जागेवर." मी पत्ता लिहून पाठवला. साडीचे अजून काही ठरलेले नाही.